अर्ध्या वर्षाचा बंधारा

पावसाळ्यात कोल्हापूरच्या बातम्या ऐकणाऱ्यांना राजाराम बंधारा माहीत असतो तो फुटांमध्ये. पंचगंगेची तिथली पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. हे आकडे कानावर येतात तोवर बंधारा स्वतः केव्हाच पाण्याखाली गेलेला असतो. त्यात त्याची हार नाही, बुडता यावं म्हणूनच तो तसा बांधलाय. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं कसब पाहायचं तर पूर ओसरल्यावर, ऑक्टोबरात, बरगे म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घालायच्या दिवसांत जावं.

आधी खांब बघा. पात्रात आडवी ओळ, मधले गाळे साधारण दोन मीटरचे. खांबाचं वरच्या अंगाचं तोंड गोलसर किंवा टोकदार असतं, त्यामुळे धार त्यावर आदळत नाही, दुभंगून निघून जाते. माथ्यावरचा पूल तर मुद्दाम बोडका. भक्कम कठडा असता तर पुरात वाहून आलेलं झाड त्यात अडकलं असतं आणि त्यामागे सगळा कचरा. जे बांधायचं टाळलं, त्यातही इतका विचार!

पण माझा जीव जडलाय तो खाचांवर. खांबाच्या दोन्ही बगलांना वरपासून तळापर्यंत उभ्या खाचा, एकामागे एक अशा दोन. पाहुण्याची नजर तिथे जातच नाही. या खाचांत लाकडी बरगे आडवे सोडायचे, एकावर एक, दोन रांगांत. पुराच्या ओंडक्याने खाचेची कड टवकली, तर तेवढ्या फटीतून हंगामभर पाणी झिरपत राहतं. म्हणून जाणता माणूस बरग्यांच्या आधी खाचेवरून हात फिरवतो. बोटांनी वाचायची ही वास्तू आहे.

आता बरगा. लाकूड तरंगतं, म्हणजे तळाचा बरगा मुळात वर यायला बघतो. त्याला खाली ठेवतं ते वरच्या बरग्यांचं ओझं आणि खुद्द पाण्याचा रेटा. पाण्याचा दाब मीटरभर खोलीला चौरस मीटरमागे एक टन या हिशेबाने वाढतो. दोन मीटर लांब आणि एक फूट उंच बरगा तीन मीटर खोल असला आणि खालच्या अंगाला पाणी नसलं, तर त्याच्या पाठीवर पावणेदोन टनांच्या आसपास भार येतो. तोच भार त्याला खाचेच्या कडेवर घट्ट दाबून धरतो. नदी जितका जोर करील, तितका बरगा पक्का बसतो. ज्याला अडवायचं, त्याच्याच ताकदीवर अडवायचं. या युक्तीला मी मनोमन दाद देतो.

दोन रांगांमधल्या पोकळीत चिकणमाती भरतात. पाणी फटींकडे धावतं, जाताना मातीचे बारीक कण ओढून नेतं आणि त्यांनीच आपली वाट बुजवतं. पुढे लोखंडी बरगे आले, रबरी पट्ट्या आल्या. त्यांनी काम सोपं केलं असेल, पण ही मातीची खेळी मला जास्त देखणी वाटते. अर्थात इथे यंत्र नाही म्हणून दुखणंही नाही, असं मात्र नव्हे. ओल्या-सुक्याच्या फेऱ्यात लाकूड कुजतं आणि लोखंडाला भंगाराच्या भावामुळे पाय फुटतात.

आणि सगळ्यांत अवघड ती वेळ. बरगे लवकर घातले तर परतीचा पाऊस घात करतो, उशीर केला तर साठवायचं पाणी वाहून जातं. शिवाय गाळे एकेक करून बंद होतात तसं उरलेल्यांत पाणी खवळतं. शेवटच्या गाळ्यात जवळजवळ अख्खी नदी येते. याउलट गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याला १४ दरवाजे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार ते १ जुलैला उघडायचे आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडेच ठेवायचे. तिथे तारीख ठरलेली. इथे खात्याचं वेळापत्रक असलं, तरी अखेर नदीचा रंग आणि वेग बघूनच हात चालवावा लागतो.

काढणी उलट्या क्रमाने, पावसाच्या तोंडावर. वरचा थर काढायचा, पाणी उतरू द्यायचं, मग पुढचा. भाराखालचा बरगा घाईने उपसू म्हटलं तर जागचा हलत नाही. सगळे निघाले की पात्र मोकळं, गाळ पुराबरोबर पुढे. साठाही काठांच्या आतच राहतो, त्यामुळे गावं उठवावी लागत नाहीत. धरणांच्या इतिहासात ही सभ्यता दुर्मीळ.

बरगे निघायच्या आत पाऊस आलाच, तर कसोटी लागते ती मधल्या खांबांपेक्षा काठांची. अडलेलं पाणी बगलेची माती कापून नवी वाट काढू बघतं. म्हणून दोन्ही टोकांच्या भिंती काठात आतपर्यंत रुतवलेल्या असतात. त्यांचा बराचसा भाग मातीखाली, दिसतो तोही गवताआड. बंधारा पाहायला गेलात तर गवत बाजूला सारून भिंत आणि काठ यांचा सांधा बघा. तिथे नवी चीर किंवा घळ नसेल, तर गेल्या जूनमध्ये बरगे वेळेत निघाले होते.