रुग्णालयाचे सांडपाणी आणि जनुकांची साक्ष

अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात २०११ साली ‘क्लेब्सिएला न्यूमोनी’ या जंतूची साथ उद्भवली. कार्बापेनेम वर्गातील प्रभावी प्रतिजैविकांनाही हा जंतू दाद देत नव्हता. बाधा झालेल्या १८ रुग्णांपैकी ११ दगावले. जंतूंचे जनुकसंच ताडून पाहता, साथ उघडकीस येण्यापूर्वीच घरी गेलेल्या एका रुग्णापासून ती तीन वाटांनी पसरल्याचे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. त्याच रुग्णालयाच्या सांडपाण्याचा मागोवा घेणारा वाइनगार्टेन प्रभृतींचा निबंध २०१८ मध्ये ‘एमबायो’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

सफाईचे सामान ठेवण्याच्या खोल्या, सांडपाण्याचे पाईप आणि बाहेरील मॅनहोल येथून दोन वर्षे नमुने घेऊन, लेखकांनी ते रुग्णांपासून पाच वर्षांत मिळालेल्या जंतूंशी ताडले. एकूण १०८ जंतूंचे जनुकसंच वाचले गेले. रुग्णांत असे जंतू विरळा. परंतु अतिदक्षता विभागाच्या पाईपांतील आणि मॅनहोलमधील एकूण एक नमुन्यात कार्बापेनेमचा नाश करणारे जंतू निघाले! हा निष्कर्ष कोणाही रुग्णालयचालकाची झोप उडवील असा आहे.

रुग्ण आणि पाईप यांतील जंतूंचे स्पष्ट नाते मात्र क्वचितच आढळले, आणि त्यावरून संसर्गनियंत्रण बऱ्यापैकी पाळले जात असावे, असे लेखक सुचवितात. येथे आमचा मतभेद आहे. प्रतिकाराचे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जातीच्या जंतूतून दुसरीत जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वेटोळ्यावर असते. आणि प्लाझ्मिडचे समान सांगाडे दोन्हीकडे आढळल्याचे लेखकच नमूद करतात. घरे निराळी, पण किल्ली एकाच साच्याची, असा हा प्रकार. मग जंतूंचे कुळ जुळत नाही एवढ्यावरून देवघेव झाली नाही असे कसे म्हणावे? शिवाय साम्यावरून दिशा कळत नाही. पाईपाने रुग्णाला दिले की रुग्णाने पाईपाला, हे ठरविण्यास रुग्ण कोणत्या खोलीत कधी होता याच्या नोंदीच हव्यात. संवर्धनासाठी उचललेल्या मोजक्या जंतूंत जे सापडले नाही, ते पाईपात नव्हतेच, असेही म्हणता येत नाही.

सफाईच्या जागेतून एका रुग्णाकडे ‘लेक्लेर्सिया’ हा जंतू गेल्याचे प्रकरण लेखकांनी ‘संभाव्य’ म्हणूनच मांडले आहे. हाच संयम त्यांनी रुग्णालयाच्या व्यवस्थेविषयी अभिप्राय देतानाही राखावयास हवा होता.