करवतीचे दाते

विदर्भातील कोशाच्या लुगड्याला ‘करवतकाठी’ म्हणतात. शहरांतील दुकानांत त्याच काठाला ‘टेंपल बॉर्डर’ हे नाव मिळाले आहे. रामटेकच्या देवळावरून ही नक्षी सुचली, असेही सांगतात. देवळाचे नाव ऐकून देवस्थानच्या मंडळींना संतोष वाटावा हे साहजिकच आहे. तथापि आमच्या मते करवतीचे जुने नावच अधिक यथार्थ होय.

कारण हे दाते म्हणजे मुळात एक सांधा आहे. लुगड्याचे अंग कोशाचे, काठ सुताचे. बाणा तीन धोट्यांनी चालतो : एक अंगासाठी, दोन काठांसाठी. रेशमी व सुती धागे जेथे परस्परांत अडकवावे लागतात, तेथे हे दाते उमटतात. कोशाचा मधासारखा मंद रंग आणि काठाचा गडद रंग त्यांच्यामुळेच एकजीव होतात. येथे सौंदर्य बांधणीतूनच जन्मले आहे.

या रेशमाचे मूळ रानात. परसवाडा ज्या बालाघाट जिल्ह्यात आहे, तेथे कोशाचा किडा ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर पोसतो. १९५६ साली शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. हातमाग मात्र दोहोंकडे टिकले : इकडे मोहाडी-आंधळगावचा कोसा, तिकडे वारासिवनीची साडी. वारासिवनीच्या साडीस २०२३ साली भौगोलिक मानांकनही लाभले.

कोशाचा झुळझुळीत अंगरखा किंवा ओढणी आज फॅशनमध्ये आहे. तिच्याशी आमचे वैर नाही. आमचा आक्षेप आहे तो पॉलिएस्टरवर छापलेल्या दात्यांना. जेथे दोन धागे भेटतच नाहीत, तेथे सांध्याचे चित्र म्हणजे बनावट दस्तावरील शिक्का होय. १९८५ च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले, १९९९ च्या कायद्याने स्थळनामाला संरक्षण दिले. परंतु कायदा प्रत्येक दुकानाच्या गादीवर येऊन बसत नाही.

सोवळ्यासाठी मुकटा किंवा लुगडे घेणाऱ्यांनी तरी ही पारख अंगी बाणवावी. रेशीम म्हणून देवापुढे नेसावे आणि ते रेशीमच नसावे, यात विणकराची हानी आहे, तशीच आपल्या आचाराचीही. काठ उलटून पाहावा. छाप मागे फिका पडतो. विणलेला दाता दोन्ही अंगांनी दिसतो.