स्वाध्याय कुणाचा?

मराठी पाठ्यपुस्तकात धडा संपला की खाली एक शब्द छापलेला असतो : स्वाध्याय. त्याच्याखाली रिकाम्या जागा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तरं लिहा. जैन घरात वाढलेल्या माणसाला हा शब्द दुसऱ्याच ठिकाणाहून ओळखीचा असतो. आमच्याकडं स्वाध्याय हे तप आहे, सहा अंतरंग तपांपैकी एक. तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे अर्थासह वाचणं, शंका विचारणं, कळलेलं मनात घोळवणं, शुद्ध पाठ पुन्हा पुन्हा म्हणणं आणि शेवटी दुसऱ्याला सांगणं. लहान मुलांचा गृहपाठ अवघड झालाय का, असं हल्ली जो तो विचारतो. हे पाच शब्द घेऊनच त्या प्रश्नाकडं बघावं असं मला वाटतं. नाहीतर चर्चा दप्तराच्या किलोंवर सुरू होते आणि तिथंच संपते.

किलोंचं म्हणाल तर नियमांची कमी नाही. प्रा. यशपाल समितीचा अहवाल १९९३ सालचा. दप्तराच्या ओझ्यापेक्षा न कळण्याचं ओझं मोठं आहे, हे त्या समितीनं तेव्हाच सांगून ठेवलं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं दुसरीपर्यंत गृहपाठ नको म्हटलं. २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयानं पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा आदेश दिला. २०२० च्या दप्तर धोरणात तेच पुन्हा आलं : दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्यातून जास्तीत जास्त २ तास, आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत. आठवड्याला २ तास, दिवसाला नव्हे! हे वाक्य मी ज्या ज्या आईला सांगितलं तिनं मला पुन्हा म्हणायला लावलं.

आता एक डायरी बघू. बेळगावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली पहिली. एका संध्याकाळचं काम असं : इंग्रजीचे पाच शब्द पाच-पाच वेळा, १ ते ५० अंक अक्षरी, कन्नडचं एक पान गिरवणं, आणि ‘माझे कुटुंब’ या विषयावर तक्ता, रंगीत चित्रांसह. मुलगी सहा वर्षांची. घरी भाषा मराठी, रस्त्यावर मराठी-कन्नड, शाळेत इंग्रजी.

यातलं अवघड काय आहे? एकेक काम सुटं घेतलं तर काहीच नाही. पाच शब्द पंचवीस वेळा लिहायला बुद्धी लागत नाही, बोटं लागतात. सहा वर्षांची बोटं ती. त्या पंचवीस वेळांत शब्दाचा अर्थ एकदाही विचारलेला नाही. पाच प्रकारांपैकी हा फक्त आम्नाय. तोही खरा आम्नाय नव्हे, कारण त्यात तोंडानं शुद्ध म्हणायचं असतं आणि ऐकणारं कुणीतरी लागतं. इथं ऐकायला वही आहे. वाचना शाळेत झाली असं गृहीत धरलंय, पृच्छना कुठंच नाही, अनुप्रेक्षेला वेळ नाही. राहता राहिला धर्मोपदेश, तो आई करते. तोसुद्धा ओरडून.

तक्त्याचं बघा. चित्रं कापणं, चिकटवणं, वर सुबक अक्षरात शीर्षक. हे सहा वर्षांच्या मुलीकडून होणारं काम नाही, हे देणाऱ्या बाईंनाही माहीत आहे. मग देतात कशाला? कारण ते होऊन येतं. रात्री आई करते, वडील करतात, नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘फॅमिली चार्ट’ तयार मिळतो. दुसऱ्या दिवशी भिंतीवर चाळीस तक्ते लागतात आणि शाळा पालकांना दाखवते. भिंतीवर बघावं तर सगळ्यांची कुटुंबं एकसारखी. चित्रातली आजी चष्मा लावून खुर्चीत बसलेली. आपली आजी नऊवारी नेसते आणि सूर्यास्ताआधी जेवून घेते, हे मुलीला सांगता आलं असतं की. पण तक्त्यात त्याला जागा नव्हती.

म्हणून मला वाटतं, ‘अवघड’ हा शब्द इथं नीट लागू पडत नाही. गृहपाठ चुकीच्या पत्त्यावर पाठवलेला आहे. वहीवर नाव मुलीचं, काम आईला. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरचे अनेक अभ्यास एकत्र करून २००६ साली मांडणी केली. प्राथमिक वर्गांत गृहपाठ आणि मुलाचं यश यांचा संबंध फार क्षीण, वरच्या वर्गांत तो जास्त दिसतो, असा त्याचा निष्कर्ष. यात नवल ते काय? लहान वर्गात वही तपासली जाते तेव्हा बऱ्याचदा तपासली जाते ती आईच.

आणि आया सगळ्या सारख्या नसतात. आमच्या जिल्ह्यात निपाणीकडं घरोघरी विड्या वळल्या जातात. मजुरी हजार विड्यांवर. त्या बाईला संध्याकाळी इंग्रजी ‘फॅमिली चार्ट’ करायला सांगणं म्हणजे काय सांगणं, याचा विचार शाळेनं केलाय? “बाई, आमाला वाचता येत न्हाई, पोरगीला तुमीच शिकवा की,” असं एका आईनं शिक्षिकेला म्हटलेलं मी ऐकलं आहे. तक्रारीचा सूर नव्हता. तिला वाटत होतं की शिकवणं हे शाळेचंच काम आहे. तिचं बरोबरच होतं! पण दुसऱ्या दिवशी वहीत लाल शेरा त्या पोरीच्या नावावर पडला. शिकलेल्या घराला ‘छान’ आणि न शिकलेल्या घराला ‘अपूर्ण’, असं जो गृहपाठ ठरवतो तो मुलाची परीक्षा घेत नाही. तो घराची मोजदाद करतो. मग ही आई विड्यांच्या मजुरीतून पहिलीच्या पोरीला ट्यूशन लावते.

सीमेवरच्या मुलाची आणखी एक गोष्ट आहे, ती पुण्यात बसून कळायची नाही. ‘अंक अक्षरी लिहा’ हा गृहपाठ घ्या. मराठीत ४२ म्हणजे बेचाळीस : आधी दोन, मग चाळीस. कन्नडमध्ये नलवत्तेरडु : आधी चाळीस, मग दोन. इंग्रजीत फॉर्टी टू, तेही चाळीस आधी. एकच आकडा, एकाच संध्याकाळी, तीन वह्यांत, दोन दिशांनी. मुलगा २४ लिहितो आणि आपण म्हणतो, लक्षच नाही याचं! त्याचं लक्ष आहे हो. बेचाळीसमधला ‘बे’ त्यानं आधी ऐकला, म्हणून आधी लिहिला.

२०१९ साली महाराष्ट्राच्या दुसरीच्या गणितात ‘चाळीस दोन’ अशी वाचायची पद्धत जुन्या पद्धतीच्या जोडीला दिली, तेव्हा केवढी चेष्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मुलांना जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा त्रास होतो. भाषा बुडाली म्हणणाऱ्यांनी आमच्याकडं येऊन कन्नड शाळेतला एक तास ऐकायला हवा होता. मला स्वतःला बेचाळीस, त्रेचाळीस हे शब्द प्रिय आहेत, ते जायला नकोत. पण ते तोंडानं, खेळत, जिना चढताना यायला हवेत. पन्नास ओळींचं अक्षरी लेखन करून ते येत नाहीत, नावडते मात्र होतात.

यावर कुणी म्हणेल, आम्ही नाही का परवचा म्हटला? दिवेलागणीला पाढे, पावकी, निमकी. खरं आहे, तो गृहपाठच होता. पण त्याला वही लागत नव्हती, सगळ्या भावंडांचा मिळून एक आवाज असे आणि अर्ध्या तासात मूल मोकळं होई. त्यातही मार होता, अर्थ न कळता घोकणं होतं, आणि बऱ्याच घरांत मुलींना त्या वेळी भाकऱ्या थापायला बसवत. तेव्हा जुनं सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणते की परवचा मुलाला स्वतःला म्हणता येत असे. त्याच्याऐवजी आईनं म्हणून चालत नसे.

दोष फक्त शाळेवर टाकूनही भागत नाही. गृहपाठ न देणाऱ्या बाईंबद्दल आपणच काय बोलतो? “तिथं काय शिकवत न्हाईत वाटतं.” वही भरलेली दिसली की फीचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. भरलेली वही हाही एक परिग्रहच आहे. साठवण वाढते, हाताला काही लागत नाही.

पुस्तकंही सगळी वाईट नाहीत. बालभारतीच्या परिसर अभ्यासात धड्याच्या मध्ये ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’ अशा चौकटी असतात. त्या वाचल्या की कळतं, लिहिणाऱ्याला मूल दिसत होतं. पृच्छना तिथं आहे, अनुप्रेक्षाही आहे. पण वर्गात वेळ नाही म्हणून नेमक्या त्या चौकटी ओलांडल्या जातात आणि धड्याखालचा ‘स्वाध्याय’ तेवढा घरी पाठवला जातो, कारण तपासायला तो सोपा.

मग गृहपाठ मुळीच नको का? मोठ्या वर्गांचं वेगळं, पण चौथीपर्यंत माझी अट एकच : मुलाला तो एकट्यानं, घरच्या भाषेत करता आला पाहिजे. उद्या वर्गात विचारायला एक प्रश्न घेऊन ये. आज जे शिकलीस ते आजीला सांग. घरातल्या पायऱ्या मोज. दप्तर धोरणातही लहान मुलांसाठी असंच सुचवलं आहे : संध्याकाळ कशी गेली, काय खेळलो, काय जेवलो, हे मुलांनी वर्गात येऊन बोलावं. असा गृहपाठ दिला तर निपाणीची ती पोरगी रिकाम्या हातानं शाळेत जाणार नाही. पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधला तर हजाराला किती कट्टे, हे ती रोज डोळ्यांसमोर बघते. तिनं ते वर्गात सांगावं, बाकीच्यांनी बोटांवर मोजून बघावं, आणि बाईंनी तिला विचारावं, हजाराला आईला किती मिळतात गं? ते उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही. ते त्या पोरीलाच माहीत आहे.