शैशवातील प्रतिजैविके व बालदमा : एक चिकित्सा

शैशवात दिलेल्या प्रतिजैविकांमुळे दमा जडतो, या मतास २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयझॅक’ अभ्यासाचा आधार दिला जातो. २९ देशांतील सहा-सात वर्षांच्या १,९३,४१२ बालकांच्या या पाहणीत पहिल्या वर्षातील प्रतिजैविके व दम्याची लक्षणे यांत सहसंबंध आढळला. तथापि, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. माहितीची भिस्त पालकांच्या स्मरणावर होती. शिवाय तान्ह्या बाळाची घरघर हेच दम्याचे पूर्वरूप असू शकते. तीवर प्रतिजैविक दिले गेल्यास परिणामालाच कारण मानण्याची चूक घडते. २०१४ मधील स्वीडनच्या अभ्यासात भावंडांची परस्पर तुलना केल्यावर हा संबंध बराच क्षीण झाला. कोल्हापूर परिसरात असा अभ्यास करताना चुलीचा व गुऱ्हाळाचा धूरही विचारात घ्यावा लागेल.

याउलट, ब्रिटिश कोलंबियात २००० ते २०१४ या काळात अर्भकांमधील वापर घटला, तसा बालदमाही घटला. त्यामुळे आतड्यातील सूक्ष्मजीवांविषयीची उपपत्ती सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. विषाणुजन्य सर्दीवर प्रतिजैविक निरुपयोगीच असते. मात्र दम्याच्या भीतीने जिवाणुजन्य न्यूमोनियातही ते नाकारणे बाळाच्या जिवावर बेतू शकते. सारांश, प्रश्न औषधाचा नसून विवेकाचा आहे.