कॅमेऱ्याची मर्यादा आणि ब्योल यांचा मानवतावाद

हाइन्रिश ब्योल (१९१७-१९८५) यांच्या मानवतावादाची चर्चा बहुधा करुणा, कॅथलिक श्रद्धा आणि युद्धविरोध यांच्याभोवतीच फिरत राहते. त्यांच्या लेखी मानवतावाद हा प्रथमतः पाहण्याच्या नीतीचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्यात निसटते. भग्नावशेषांच्या साहित्याची बाजू मांडणाऱ्या १९५२च्या निबंधातच त्यांनी डोळा हे लेखकाचे साधन मानले होते. छायाचित्रणाविषयीचे त्यांचे चिंतन याच भूमिकेचा विस्तार होय.

१९५८ साली शार्गेसहाइमर यांच्या रूर प्रदेशावरील छायाचित्रग्रंथाला ब्योल यांनी मजकूर लिहिला. कोळसा-पोलादाच्या त्या मुलखाचे हे काजळलेले दर्शन तेथील अनेकांना बदनामीकारक वाटले आणि निषेध झाला. म्हणजे ब्योल यांना अभिप्रेत असलेली मानवीयता सुखद प्रतिमेची मागणी करीत नाही. मग तिचा निकष कोणता? 'मानवी कॅमेरा' या १९६४च्या निबंधात त्याचे उत्तर मिळते. कॅमेरा माणसाला बेसावध गाठून उघडे पाडू लागला, की त्याची सौंदर्यात्मक आणि नैतिक मर्यादा एकाच वेळी ओलांडली जाते. या दोन मर्यादा वेगळ्या न मानणे, हे या भूमिकेचे मर्म आहे.

'काटारिना ब्लूमची हरवलेली अब्रू' (१९७४) या कथनात हाच विचार कसोटीला लागतो. काटारिना वार्ताहराला गोळी घालते. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचाही खून होतो. तो तिने केलेला नसतो, परंतु त्याविषयी विचारताच, त्यालाही का मारू नये, असा तिचा प्रतिप्रश्न असतो. शब्द आणि प्रतिमा यांचा अपराध तिच्या लेखी एकच आहे.

तथापि, इतरांच्या आयुष्यात डोकावल्यावाचून कादंबरीकाराचेही चालत नाही. 'स्त्रीसह समूहचित्र' (१९७१) या कादंबरीचा निवेदक लेनीविषयी साक्षी गोळा करीत हिंडतो. म्हणजे शोधपत्रकाराचेच काम करतो. फरक इतकाच, की स्वतःला 'लेखक' म्हणवणारा हा निवेदक आपली चौकशी वाचकासमोर उघडी ठेवतो आणि लेनीचे मौन फोडीत नाही. चित्राच्या मध्यभागी असलेली स्त्री अखेरपर्यंत पूर्णपणे हाती लागत नाही. ही उणीव रचनेतील शैथिल्य म्हणून दाखविली जाते. वस्तुतः पाहणाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेल्या मर्यादेचेच ते कलारूप आहे.