मानवत अर्ध्या तासावर

मला खून आवडतात. दचकू नका. घरात झुरळ निघालं तर मी पलंगावर चढतो आणि सौ.ना हाक मारतो, असा माझा लौकिक आहे. मला आवडतात ते कागदावरचे, पडद्यावरचे आणि दुसऱ्याच्या गावचे खून.

ही आवड लहानपणची. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार मी वर्गात भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचला. त्यामुळे मराठवाड्यातल्या नद्या मला आजही धड सांगता येत नाहीत, पण बंद खोलीतून खुनी कसा निसटतो ते सांगता येतं. पुढं सलूनमध्ये 'पोलीस टाइम्स' पुरा व्हावा म्हणून मी माझा नंबर खुशाल दुसऱ्याला देत असे. दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागलं की शेजाऱ्यांकडं आमंत्रणाशिवाय जात असे. 'सीआयडी' १९९८ पासून २०१८ पर्यंत चाललं, आणि त्या वीस वर्षांत बहुतेक वेळा खुनी मी एसीपी प्रद्युम्नच्या आधी ओळखला. सौ. म्हणायच्या, "एवढी नजर आहे तर घरातली चावी शोधा की!" चावी सापडत नसे. चावीच्या मागं हेतू नसतो, त्याला मी काय करणार?

तर अशा माणसाला भाचा मिळाला तोही तसाच. अक्काचा मुलगा. काही वर्षं नोकरीनं लंडनला होता. लोक तिथं राणीचा राजवाडा बघतात, यानं पहिल्या पगारात तिकीट काढून खुनाचं प्रदर्शन बघितलं. स्कॉटलंड यार्डच्या पोलिसांचं एक गुन्हे-संग्रहालय आहे, १८७५च्या सुमारापासूनचं. तिथं सामान्य माणसाला प्रवेश नाही. कॉनन डॉईल जाऊन आला, लॉरेल-हार्डी जाऊन आले, पण आपल्यासारख्याला दार बंद. त्यातल्या वस्तू पहिल्यांदाच लोकांसमोर मांडल्या त्या लंडनच्या शहर संग्रहालयात, ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०१६ या काळात. फाशीचे दोर, फाशी दिलेल्यांच्या तोंडाचे साचे, आणि माणसं तेजाबात विरघळवणाऱ्या हेगचे हातमोजे.

"हातमोजे?" मी विचारलं.

"हो मामा, काचेत."

माझ्या अंगावर काटा आला आणि तोंडाला पाणी सुटलं. हे दोन्ही एकदम होणं बरं नव्हे हे मला कळतं, पण खोटं कशाला बोलू?

भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. तिथं मांडलेले खून १९७५ पर्यंतचेच होते. त्याच्या अलीकडचे खून काचेत घातले नव्हते. मेलेल्यांची माणसं अजून जिवंत असतात ना! म्हणजे साधारण चाळीस वर्षं झाली की खुनाची धग जाते आणि त्याचं प्रदर्शन मांडता येतं, असा साहेबाचा हिशेब. आमच्याकडं लोणच्याला वर्ष लागतं, तिकडं खुनाला चाळीस.

मी मनात हिशेब केला. मानवत १९७२ ते ७४. साहेबाच्या नियमात बसतं.

आता मानवतबद्दल. आमच्या पाथरीला साईबाबांचं जन्मगाव मानतात. जानेवारी २०२० मध्ये सरकारनं तसं म्हणून विकासनिधीचं नाव काढलं, तर तिकडं शिर्डी बंद ठेवली गेली. आम्हाला एका जन्मासाठी एवढं भांडावं लागतं, आणि एस.टी.नं अर्ध्या तासाच्या आत असलेल्या मानवतला मरणासाठी सगळा देश फुकटात ओळखतो. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ एवढ्या काळात तिथं दहा खून झाले. बळी गेल्या त्या बाया आणि लेकरं. गुप्तधन हाती लागावं, मूल व्हावं म्हणून हे बळी दिले, असं पोलिसांचं म्हणणं होतं. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८ मध्ये रामन राघवचा तपास केलेले तेच. खटला झाला, फाशीच्या शिक्षा झाल्या. ज्यांना सूत्रधार म्हणून उभं केलं होतं ते दोघं पुढं वरच्या कोर्टात सुटले, काहींच्या शिक्षा कायम राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७७ चा.

या प्रकरणाचं प्रदर्शन अखेर मांडलं गेलं. काचेत नाही, पडद्यावर. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी 'मानवत मर्डर्स' ही आठ भागांची मालिका आली. दिग्दर्शक आशिष बेंडे, आधार कुलकर्णी साहेबांच्या आठवणींच्या पुस्तकाचा. त्या दिवाळीत भाचा अक्काला घेऊन भाऊबीजेला पाथरीला आला. येताना मिठाईच्या आधी त्यानं लॅपटॉप बाहेर काढला. सगळं घर टीव्हीसमोर बसवलं. चिवड्याचा डबा मध्ये.

आता परीक्षण. मालिका चांगली आहे, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर शेजारच्या गावची म्हणून मी नाक मुरडतोय असं वाटायचं. आशुतोष गोवारीकर कुलकर्णी झाले आहेत. आवाज न चढवता काम करणारा पोलीस आपल्या पडद्यावर दुर्मिळच. त्यांनी तो शांतपणे उभा केला आहे. पण मला थक्क केलं मकरंद अनासपुरेनं. या माणसानं आजवर आपल्याला इतकं हसवलंय की तो पडद्यावर आला आणि आमची नात सवयीनं हसली. दोन मिनिटांत तिचं हसू गेलं. मराठवाड्याची बोली विनोदासाठीच असते असा मुंबई-पुण्याचा समज आहे. तीच बोली खालच्या पट्टीत बोलली तर किती भीती वाटू शकते, ते या माणसानं दाखवलं. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांचीही कामं जबर आहेत.

आता खोट. पुस्तक पोलिसाचं, तेव्हा गोष्ट पोलिसाच्या जीपमधून दिसणार. अंधार आमचा, दिवे जीपचे. जीप आली की गोष्ट सुरू, गेली की संपली. त्याला इलाज नाही. चोराचं पुस्तक असतं तर ते भिंतीवरून दिसलं असतं.

पडद्यावरचं हे पहिलं मानवत नव्हे. अमोल पालेकरांनी दिग्दर्शनाला सुरुवात केली तीच या प्रकरणापासून, १९८१ मध्ये 'आक्रीत' काढून. पटकथा विजय तेंडुलकरांची. मी तो पुढं तेव्हाच्या औरंगाबादला पाहिला. 'छोटी सी बात'मध्ये बसस्टॉपवर मुलीकडं बघायला लाजणारा पालेकर इथं जे करतो ते बघून शेजारचा माणूस म्हणाला होता, "ह्याला कारकूनच राहू द्यायला पायजे होतं." त्या सिनेमात खुनी कोण हा प्रश्नच नाही. हाव माणसाला कुठवर नेते, एवढंच तो बघतो. म्हणजे एका कलाकृतीनं खुन्याचं मन उघडलं, दुसरीनं तपास दाखवला. आता यात आणखी काय राहिलं, असं मी चिवडा खाता खाता म्हणालो.

दुसरा भाग अर्ध्यावर होता. अक्का उठली आणि स्वैपाकघरात गेली.

"अक्का, कामून उठलीस? आता तर रंगायलंय."

"रंगू द्या. मला फोडणी द्यायचीय."

सकाळी आठही भाग संपलेले होते आणि आम्हा मामा-भाच्यांचे डोळे लाल. भाचा म्हणाला, "मामा, जागा बघून येऊ." तो जागेला लोकेशन म्हणतो. लंडनमध्ये म्हणे अशा जागा हिंडून दाखवणारे लोक असतात, पैसे घेऊन. आम्ही स्वखर्चानं निघालो.

मानवत म्हणजे कापूस. दिवाळीनंतर तर विचारूच नका. ट्रॅक्टर, टेम्पो, छकडे, जे चाक असलेलं वाहन असेल त्यावर कापूस. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस, आमच्या मोटारसायकलच्या आरशाला कापूस. भाचा मोबाइल वर धरून पन्नास वर्षांपूर्वीचं काहीतरी शोधत होता आणि त्याच्या प्रत्येक फोटोत एक ट्रॅक्टर येत होता. शेवटी आम्ही एका टपरीवर चहा घेतला. चहावाल्यानं भाच्याचा मोबाइल पाहिला, मग बूट पाहिले.

"शिरियलवाले का?"

"नाही, बघायला आलोय," भाचा म्हणाला.

"काय?"

आता याला काय उत्तर द्यावं? भाचा माझ्याकडं बघू लागला. मी साखर ढवळायला लागलो, आणि साखर त्यात आधीच विरघळलेली होती.

"इथं बघायला कापूस आहे," चहावाला म्हणाला. "भाव पडलाय, ते बी बघा." आणि त्यानं आमचे पैसे घेतले, बाकीच्यांपेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. मला वाटलं होतं घेईल. मी असतो तर घेतला असता.

घरी आलो. अक्का ओट्यावर शेंगा सोलत बसली होती.

"काय बघितलं?"

"कापूस," भाचा म्हणाला.

अक्का हसली. मी तिच्याजवळ टेकलो आणि विचारलं, "काल मधूनच उठलीस, आवडलं नाही का?"

अक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चांगलं केलंय रे. पण पडद्यावर लहान पोरगी आली की तुम्ही दोघं म्हणायलात, आता हिचा नंबर. तुमचं बरोबर निघायलं. मला मात्र तिला हाक मारावी वाटायली. ये गं घरात, म्हणून. आता टीव्हीला हाक मारली तर तुम्ही हसणार. म्हणून उठले."

सालं मला माहीत होतं, पण ते असं माहीत होतं जसं पंचांगातली तिथी. अक्का तेव्हा दहा वर्षांची, मी आठचा. बहात्तरचा दुष्काळ. घरात अमेरिकेची लाल मिलो, शाळेत सुकडी. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला. गोवऱ्यांना शेण गोळा करायला पोरीच जायच्या, आणि शेजारच्या गावात गायब होत होत्या त्या पोरीच. मला आठवतं ते एवढंच, की दिवे लागायच्या आत घरात यायचा हुकूम निघाला होता आणि त्यामुळे माझा विटीदांडूचा डाव मोडायचा. मला त्या खुन्याचा मनापासून राग आला होता, तो डावासाठी.

"माझी चौथी झाली होती," अक्का म्हणाली. "पाचवीचा वर्ग गावाच्या पार त्या टोकाला. नाना म्हणले, खुनी सापडोस्तवर घरी बस. बसले. तू जायचास, पोराला भ्या नव्हतं. तू आल्यावर तुझं पुस्तक मी वाचायची, चुलीपाशी. मग ते खुनी धरले. पर मग जा आता शाळेत, असं कोण म्हणलं? कोणीच नाही. भाकरी चांगली जमायला लागली होती ना मला."

भाचा तिच्याकडं बघत राहिला. त्यानं लंडनच्या हेगचे हातमोजे पाहिले होते, पण आईची चौथी त्याला ठाऊक नव्हती. आणि ठाऊक असून मी पन्नास वर्षांत त्याचं काय केलं होतं? अर्नाळकर वाचले. मला अर्नाळकर वाचायची मोकळीक होती आणि अक्काला नव्हती, एवढा हा साधा हिशेब आहे. चुलीपाशी ती जे पुस्तक वाचायची ते भूगोलाचं. आतला झुंजार मी काढून ठेवलेला असे.

माझं परीक्षण इथं बदलतं. काचेत काय ठेवता येतं? दोर ठेवता येतो, हातमोजे ठेवता येतात. पडद्यावर जीप आणता येते. त्या भीतीनं पंचक्रोशीत किती पोरी घरी बसल्या असतील, त्यांचं काय मांडणार? कोर्टाच्या कागदात दहा आहेत. अक्का त्यात नाही, आणि नाही हे फार बरं झालं, पण ती कुठंच नाही. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात व्हायला २०१३ साल उजाडलं, तेही त्यासाठी आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. साहेबाचा चाळीस वर्षांचा नियम आमच्या सरकारनंही पाळला म्हणायचा.

आता मी मालिका बघायचं सोडलं का? नाही. एवढा मोठा माणूस मी असतो तर झुरळ स्वतः मारलं असतं. पण एक फरक पडला. परवा दुसरी एक मालिका लावली होती. एक लहान मुलगी एकटीच गल्लीतून चालली होती. खुनी कोण ते मला कळलं होतं. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

भाऊबीजेच्या त्याच दिवशी संध्याकाळी आमची नात क्लासला गेली होती. ती पाचवीत आहे. आजकाल दिवाळीतही क्लास असतात. अंधार पडत आला तशी अक्का ओट्यावर जाऊन बसली. दरवर्षी आली की रोज त्या वेळी बसते. सौ. म्हणतात, अक्कांना गार वारा लागतो. मीही तेच समजत होतो.

नातीची सायकल वळणावर दिसली तशी अक्का उठली, गुडघ्यावर हात टेकत आत आली आणि म्हणाली, "चला, ताटं घ्या."