वऱ्हाडातील बालविकासाचे अध्ययन आणि बालभाषेचा प्रश्न

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करू इच्छिणाऱ्या वऱ्हाडातील विद्यार्थ्यास विद्यापीठाची दारे बंद आहेत, असे म्हणता येणार नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत गृहविज्ञान, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र हे विषय शिकविले जातात. अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तथापि कृषी विद्यापीठांच्या परंपरेतील गृहविज्ञानाच्या शिक्षणासाठी तेथील विद्यार्थ्यास परभणीकडे पाहावे लागते. हे अंतर गैरसोयीचे खरे; परंतु त्याहून गंभीर उणीव अध्ययनाच्या विभागणीत आहे. गृहविज्ञान मुलाचा आहार व वाढ पाहते, मानसशास्त्र त्याची बुद्धी मोजते, शिक्षणशास्त्र त्याच्या शालेय पूर्वतयारीचा विचार करते. आणि भाषेचा अभ्यासक बहुधा मूल लिहू लागेपर्यंत त्याच्याकडे वळतच नाही.

या विभागणीचा परिणाम प्रत्यक्ष मोजमापात उतरतो. भाषिक विकासाची चाचणी प्रमाण मराठी गृहीत धरून रचली, तर 'डोळा' या शब्दाऐवजी 'डोया' म्हणणाऱ्या मुलाचा 'ळ' अद्याप यावयाचा आहे, असा निष्कर्ष निघेल. वस्तुतः त्या मुलाची आजीही 'डोया' असेच म्हणते. मुलाने आपल्या घरची ध्वनिव्यवस्था अचूक आत्मसात केली असताना ते मागे पडल्याची नोंद व्हावी, हा शास्त्राचा दोष होय. 'मले', 'तुले' या रूपांचीही हीच कथा. १९५८ साली जीन बर्को यांनी निरर्थक शब्द योजून इंग्रजी भाषक मुलांचे व्याकरणज्ञान तपासले. त्याच रीतीने एखाद्या बाहुलीस कल्पित नाव देऊन, मूल त्या नावास 'ले' जोडते की नाही, हे पाहता येईल. पूर्वी कधीही न ऐकलेल्या शब्दास जे मूल प्रत्यय लावते, ते पाठांतर करीत नसून नियम जाणते. असे संशोधन करण्यास खर्चिक प्रयोगशाळा लागत नाही. वऱ्हाडी बोलीचे ज्ञान मात्र लागते.

मेळघाटात हा प्रश्न अधिक बिकट होतो. तेथील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून तीत एकवचन व अनेकवचन यांखेरीज द्विवचनही आहे. 'कोरकू' या नावातील 'कू' हाच मुळी अनेकवचनाचा प्रत्यय होय. घरी 'दोन' आणि 'पुष्कळ' यांची रूपे वेगळी वापरणारे मूल मराठी अंगणवाडीत गप्प बसले, तर ते मौन अज्ञानाचे निदर्शक मानणे अन्यायाचे ठरेल. त्याचे वजन कोणत्याही भाषेत तेवढेच भरते. त्याची समज मात्र परक्या भाषेत विचारली असता कमी भरते. कोरकू जाणणाऱ्या विद्यार्थ्यावाचून ही चूक उघड होणे कठीण आहे.

विवाहानंतर काही काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांचे पुढील कार्य या संदर्भात उद्बोधक आहे. १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे त्यांनी अनुताई वाघ यांच्या सहकार्याने बालशिक्षण खेड्यात व आदिवासी पाड्यांत नेले. माँटेसरीचे महागडे साहित्य तेथे परवडणारे नव्हते. म्हणून परिसरातील वस्तूंतून साधने निर्माण झाली. तत्त्व तेच राहिले, साधन मात्र त्या भूमीचे झाले. विद्यापीठीय अध्ययनाने साधनांच्या बाबतीतील हा विवेक चाचण्यांच्या बाबतीतही दाखविणे अवश्य आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि घरच्या भाषेस महत्त्व दिले. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही आता अस्तित्वात आले आहे. अशा वेळी गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्यास ध्वनिविचाराची एक अभ्यासपत्रिका, मराठीच्या विद्यार्थ्यास अंगणवाडीतील निरीक्षणाचे एक सत्र आणि दोघांस मिळून एक प्रबंधविषय देणे अशक्य नाही. नव्या विभागाच्या मंजुरीची वाट पाहण्याचेही त्यासाठी कारण नाही. अशी जोड मिळेपर्यंत वऱ्हाडातील मुलाची उंची व वजन यांच्या नोंदी साठत राहतील. ते काय बोलते, याची नोंद मात्र कोठेच आढळणार नाही.